“दात काढला त शेरू राखण कशी करीन?”

कुत्र्याच्या दातांचा विषय निघाला की हा प्रश्न येतोच. त्याच्या मागोमाग “अन् मंग खाईन काय?” आणि “या वयात बेशुद्धीची सुई सोसन काय?” हेही येतात. काटोल-नरखेडकडच्या संत्र्याच्या बागांत कुत्रा हौसेसाठी नसतो. रात्री बागेत रानडुक्कर शिरलं की सगळ्यांना उठवणारा तो जागल्या असतो. म्हणून “दात काढावा लागेल” असं मी म्हटलं, की समोरच्याला “कुत्रं कामातून गेलं” एवढंच ऐकू येतं. मी पशुवैद्य आहे, पण अशा वेळी सुईपेक्षा बोलण्यातच माझा जास्त वेळ जातो, आणि तो जायलाच हवा असं माझं मत आहे.

शेरूचंच घ्या (नाव बदललं आहे). गावठी, तांबूस, नऊ-दहा वर्षांचा. त्याला घेऊन आलेल्या आबाजींची तक्रार दाताची नव्हतीच. उजव्या डोळ्याखाली गाठ आली होती. पहिल्यांदा आली तेव्हा गांधीलमाशी डसली असेल म्हणून कोणीतरी बिब्बा लावायला सांगितला. बिब्ब्याने वरची कातडी भाजली, गाठ आपोआप फुटली, पू वाहून गेला आणि जखम भरली. दुसऱ्यांदा गोळ्यांनी बसली. आता पुन्हा आली होती. “डोळ्याचं काई असन त पाहा, मॅडम,” आबाजी म्हणाले.

डोळा स्वच्छ होता. कुत्र्याच्या 42 दातांपैकी वरच्या जबड्यात, गालाच्या बाजूला एक मोठी दाढ असते. हाड फोडायचं, मांस कातरायचं काम तिचं. तिला मुळं तीन, तिफणीच्या फणांसारखी, आणि ती वर डोळ्याच्या खालपर्यंत रुतलेली असतात. ही दाढ तडकली की आतली नस उघडी पडते, जंतू मुळाशी पोचतात आणि तिथे साचलेला पू वाट काढतो तो डोळ्याखाली. गोळ्यांनी पू आटतो. पण कुजलेली दाढ जागच्या जागी असल्यामुळे काही आठवड्यांनी नाहीतर महिन्यांनी गाठ परत दिसते. डोळ्याखालची गाठ बसते आणि पुन्हा येते, तेव्हा आधी तोंड तपासायचं ते यासाठी.

आबाजींना हे काही पटेना. “जेवून राहिला ना थो! दाढ दुखली असती त जेवला असता काय?”

खरी अडचण इथेच असते. आपली दाढ ठणकली की आपण ताट सारतो, म्हणून कुत्र्याकडूनही तीच अपेक्षा. पण कुत्रं भूक लागली की खातं, दुखत असलं तरी खातं. फक्त खायची रीत बदलतं, आणि ती आपण पाहत नाही, कारण भाकर टाकून आपण आपल्या कामाला लागलेले असतो. मी आबाजींच्या शिदोरीतला ज्वारीच्या भाकरीचा तुकडा मागून घेतला आणि म्हटलं, आता फक्त बघा. शेरूने तुकडा उचलला, मान डावीकडे कलती केली, जिभेने तो डाव्या गालात सारला, दोनदा चावल्यासारखं केलं आणि तसाच गिळला. मोठा तुकडा दिला तो खाली पडला. त्याने तो पुढच्या दातांनी मोडून पुन्हा डावीकडेच नेला. उजव्या बाजूला एकदाही नाही.

मग तोंड बांधून नुसता ओठ वर उचलून दाखवला. डावीकडचे दात बऱ्यापैकी पांढरे. उजवीकडे हिरडीपासून निम्म्या दातापर्यंत पिवळं-तपकिरी कीटण चढलेलं. ज्या बाजूने चावणं होत नाही त्या बाजूला ते असं साचतं. मोठ्या दाढेचा बाहेरचा एक पापुद्रा उडालेला आणि मधोमध काळा ठिपका. तो ठिपका म्हणजे उघडी पडलेली नस. आबाजी बराच वेळ वाकून पाहत राहिले. मग म्हणाले, “मंग तवापासून दुखूनच राहिलं असन याले.”

दाढ तडकली कशाने? बांधावर मेलेल्या ढोराचं वाळलेलं हाड, खूर, शिंग, कधी नुसता दगडही. घरचं म्हणाल तर पोळ्याच्या कराला, म्हणजे दुसऱ्या दिवशी, मटणाची नळी कुत्र्याला हमखास मिळते. माझा नियम सोपा आहे: अंगठ्याच्या नखाने दाबून ज्यावर खूण उठत नाही ती वस्तू कुत्र्याला चघळायला द्यायची नाही. शिजवलेल्या कोंबडीच्या हाडाचे अणकुचीदार तुकडे होतात, तेही नकोच.

आता त्या तीन भीती. खाण्याची भीती सगळ्यात लवकर जाते, कारण शेरू त्या दाढेने खातच नव्हता, हे आबाजींनी डोळ्यांनी पाहिलं होतं. दाढ काढल्यावर दोनेक आठवडे दुधात कुस्करलेली भाकर किंवा मऊ भात द्यायचा, कांदा-लसूण अजिबात नको, आणि मग नेहमीचं जेवण. राखणीचंही तसंच. राखण कान, नाक आणि आवाजाने होते. धरायचा प्रसंग आलाच तर पुढचे सुळे लागतात, आणि ते शाबूत होते.

बेशुद्धीचं मात्र असं दोन वाक्यांत निपटत नाही. आबाजी गप्प झाले तेव्हा मी विचारलं, कोणाचं काही पाहिलंय का? “माह्या भावाचं कुत्रं नसबंदीले नेलं होतं. सुई देल्ली त उठलंच नाई.” अशा माणसाला “काही होत नाही हो” म्हणणं मला पटत नाही. धोका असतो. ब्रिटनमध्ये 2008 साली प्रसिद्ध झालेल्या मोठ्या पाहणीत निरोगी कुत्र्यांमध्ये भुलेमुळे दगावण्याचं प्रमाण साधारण 2000 मध्ये 1 निघालं, आधीच आजारी असलेल्यांत 75 मध्ये 1. ते आकडे तिकडच्या सोयींमधले, आपल्या तालुक्याला जसेच्या तसे लागू करता येणार नाहीत. पण त्यातून एक गोष्ट उघड दिसते: आजाराने फार मोठा फरक पडतो. म्हणून आधी रक्त तपासून मूत्रपिंड आणि यकृत पाहायचं, छाती ऐकायची, आदल्या रात्रीपासून जेवण बंद. काम चालू असताना श्वासनलिकेत नळी हवी, म्हणजे तोंडातलं पाणी-रक्त फुप्फुसात जात नाही. आणि दुसऱ्या पारड्यात काय आहे तेही सांगायचं: दाढ तशीच ठेवली तर पू, ठणका आणि दर वेळी गोळ्या.

तीन मुळांची दाढ आमच्या तालुक्याच्या दवाखान्यात उपटायची नसते. ती कापून एकेक मूळ सोडवावं लागतं, नाहीतर तुकडा आत राहतो. म्हणून मी नागपूरच्या पशुवैद्यकीय महाविद्यालयाची चिठ्ठी दिली. कुत्र्याला एसटीत कोण घेणार? नागपुरातल्या कळमन्याच्या बाजारात संत्रा घेऊन जाणाऱ्या गाडीत आबाजींनी जागा मिळवली. जागेपणी दात खरवडून देतो म्हणणारेही भेटतात. त्याने वरून दात चकचकीत होतात, हिरडीच्या आतली घाण तशीच राहते आणि जनावर पुढच्या वेळी तोंडाला हात लावू देत नाही.

दाढ काढून झाल्यावर टाके दाखवायला आबाजी आले तेव्हा त्यांनीच सांगितलं, “आमी समजत होतो म्हातारा झाला म्हणून पडून रायते. आता पोट्ट्यायसंग धावून राहिला.” असं बरेच जण सांगतात. कुत्र्याचं म्हातारपण म्हणून जे खपून जातं, त्यात दातांचा वाटा किती हे दात काढल्यावरच कळतं.

नातवाने मोबाइलवर पाहून ब्रश करायचं विचारलं. जरूर करावं. दातावरचा चिकट थर दोन-तीन दिवसांत कडक होऊ लागतो, म्हणून आठवड्यातून एकदा करून भागत नाही, रोज हवं. बोटाला मऊ ओलं फडकं गुंडाळून वरच्या दातांची गालाकडची बाजू पुसली तरी पुष्कळ झालं. माणसांची पेस्ट नको. कुत्रं चूळ भरत नाही, सगळं गिळतं, आणि काही पेस्टमध्ये झायलिटॉल हा गोडवा असतो, तो कुत्र्याला विषारी आहे. तंबाखूचं मंजन किंवा गुडाखू तर लावूच नका. आणि “कुत्र्याच्या तोंडाला वास यायचाच” हेही सोडून द्या. घाण वास म्हणजे बहुतेक वेळा हिरड्यांचा आजार.

एक सांगणं मात्र जरा दटावून असतं. लाळ गळतेय, आवाज बदललाय, गिळता येत नाही, ओळखीच्यांवर धावतंय, असं कुत्रं दिसलं तर दातात हाड अडकलं असेल म्हणून तोंडात हात घालायचा नाही. ते पिसाळलेलं असू शकतं. जखमेला लाळ लागलीच, तर साबण आणि वाहत्या पाण्याने 15 मिनिटं धुवून त्याच दिवशी आरोग्य केंद्रात लस घ्यायची.

निघता निघता सूनबाईंनी मांजरीचं काढलं: वाटीपाशी जाते, वास घेते, एक घास उचलते आणि ओरडून पळते. मांजरांत हे हिरड्या सुजल्याचं किंवा दात मुळाशी झिजल्याचं लक्षण असतं, आणि कुत्र्यापेक्षा ती दुखणं जास्त लपवते. “तापाची अर्धी गोळी दुधात देऊ का?” त्यांनी विचारलं. नाही. पॅरासिटामॉलच्या एका गोळीने मांजर मरू शकतं, अर्धीही सुरक्षित नाही. कुत्र्यालाही आपल्या दुखण्याच्या गोळ्या द्यायच्या नाहीत. आयब्युप्रोफेन, डायक्लोफेनॅकने पोटात व्रण पडतात, मूत्रपिंडं बिघडतात. तोवर मऊ, कोमट खाणं द्या आणि पिशवीत नाही, झाकणाच्या टोपलीत घालून आणा, असं सांगून त्यांना सोमवारी बोलावलं.