चौघांच्या घराला किती लिटरचा गॅस गिझर घ्यावा?

आपला फ्लॅट पुण्यात सर्वांत वरच्या मजल्यावर आहे, माणसे चार, बाथरूम दोन. टाकी नसलेला गिझर घ्यायचा आहे आणि ‘चौघांना 10 लिटरचाच लागेल’ हे दुकानदाराचे म्हणणे बरोबर आहे का, असे आपण विचारले आहे. माझ्या मते 6 लिटरचा बहुधा पुरेल. मात्र या प्रकारच्या गिझरचे माप माणसांच्या संख्येवरून ठरत नाही. एका वेळी किती तोट्या चालू असतील आणि पाणी किती अंशांनी तापवायचे आहे, यावरून ते ठरते.

लिटर या शब्दाने इथे बराच घोटाळा होतो. टाकीच्या गिझरवरचे 15 किंवा 25 लिटर म्हणजे टाकीत मावणारे पाणी. विजेच्या इन्स्टंट गिझरवरचे 3 लिटर हेही आतल्या भांड्याचेच माप. गॅस गिझरवरचे 6 लिटर म्हणजे मात्र मिनिटाला मिळणारे पाणी, आणि तेही ठरावीक अंशांनी तापवलेले. हे अंश माहितीपत्रकात शोधून वाचावेत, कारण 25 अंशांनी तापवलेले 6 लिटर आणि 20 अंशांनी तापवलेले 6 लिटर यांत बराच फरक आहे.

हिशेब सोपा आहे. मिनिटाला 1 लिटर या वेगाने वाहणारे पाणी 1 अंश सेल्सिअसने तापवण्यास सुमारे 70 वॅट लागतात. डिसेंबरमधील एका पहाटे मी आमच्या गच्चीवरच्या टाकीतले पाणी मोजले, ते 17 अंश होते. अंघोळीला 40 अंशांचे पाणी धरले, तर 23 अंशांची वाढ हवी. 25 अंशांच्या वाढीवर मिनिटाला 6 लिटर देणारा गिझर सुमारे साडेदहा किलोवॅट उष्णता पाण्याला देतो. म्हणजे 23 अंशांच्या वाढीवर तो मिनिटाला साडेसहा लिटर देईल आणि 20 लिटरची बादली तीन मिनिटांत भरेल. 3 किलोवॅटच्या विजेच्या इन्स्टंट गिझरला त्याच बादलीसाठी जवळजवळ अकरा मिनिटे लागतील. तो स्वयंपाकघरातल्या सिंकसाठी उत्तम आहे, पण थंडीतल्या शॉवरसाठी त्यावर विसंबू नये.

आता आपल्या घरी मोजून पाहावे. शॉवरखाली बादली ठेवून, नेहमीच्या अंघोळीइतके पाणी सोडून, ती किती वेळात भरते ते घड्याळात पाहावे. तीन मिनिटे किंवा अधिक लागली, तर एका बाथरूमला 6 लिटरचा पुरेसा आहे. दोन्ही बाथरूममध्ये एकाच वेळी अंघोळी होत असतील, तरच मोठ्याचा विचार करावा. 25 अंशांच्या वाढीवर मिनिटाला 10 लिटर देणारा गिझर पूर्ण ज्योतीवर ताशी सुमारे दीड किलो गॅस जाळतो; घरगुती सिलिंडरच्या रेग्युलेटरमधून शेगडी चालू असताना तेवढा गॅस मिळेल का, हे गॅस एजन्सीला आधी विचारावे. एकामागून एक अंघोळी होत असतील, तर माणसे चार असोत की सहा, त्याने फरक पडत नाही.

वरच्या मजल्यावर खरी अडचण पाण्याच्या दाबाची असते. 10 मीटर उंचीमागे साधारण 1 बार दाब मिळतो, म्हणजे टाकी शॉवरच्या 2 मीटर वर असेल तर जेमतेम 0.2 बार. पाण्याच्या दाबाने गिझरमधला पडदा सरकला, की मगच गॅसची झडप उघडते आणि ठिणगी पडते. आमच्याकडे मी हे न मोजताच गिझर आणला होता. खालची तोटी पूर्ण सोडली की तो पेटे. शॉवर लावला की नुसती टकटक ऐकू येई आणि पाणी गारच राही. लिटरचे माप शॉवरखाली धरले, तेव्हा मिनिटाला सव्वादोन लिटरच पाणी येत असल्याचे दिसले. क्षार साचलेला पाइप बदलून लहान बूस्टर पंप बसवल्यावर तोच गिझर नीट चालू लागला. तेव्हा गिझरला पेट घेण्यासाठी किमान किती दाब लागतो, हे पत्रकात आधी पाहावे. दाब कमी असताना अधिक लिटरचा गिझर आणल्याने काहीही साधणार नाही.

एक गोष्ट आपण विचारलेली नाही, तरी मापाशी तिचा थेट संबंध असल्याने सांगतो. 6 लिटरच्या गिझरची ज्योत तासाला सुमारे 12 घनमीटर हवा वापरते आणि आपल्याकडच्या लहान बाथरूममध्ये एकूण हवा सात-आठ घनमीटरच असते. हवा अपुरी पडली की कार्बन मोनॉक्साइड तयार होतो. त्याला रंग नसतो, वास नसतो, आणि आतल्या माणसाला काही कळण्यापूर्वीच शुद्ध हरपू शकते. म्हणून गिझर कितीही लिटरचा घेतला, तरी तो बाथरूमच्या बाहेर, मोकळ्या बाल्कनीतच बसवावा आणि गरम पाण्याचा पाइप आत न्यावा. तशी जागा नसेल, तर गॅसचा नाद सोडून टाकीचा विजेचा गिझर घ्यावा.