पेन्सिल्वेनियातले जर्मन पूर्वज शोधताना: तुमचे प्रश्न

प्रश्न: माझं सासर मूळचं पेन्सिल्वेनिया जर्मन. मिस्टरांच्या पूर्वजाचं १७६५ चं नॅचरलायझेशन, म्हणजे नागरिकत्व मिळाल्याची नोंद, सापडली पण जहाज सापडत नाही.

ताई, जहाज जरा बाजूला ठेवा, हातात आहे तो कागद नीट वाचा. १७४० च्या ब्रिटिश कायद्यानुसार नॅचरलाइझ व्हायला वसाहतीत सात वर्षं राहिलेलं असावं लागायचं, म्हणजे तुमचा माणूस उशिरात उशिरा १७५८ ला आला, आधी किती ते सांगता येत नाही, कारण बरेच जण आल्यावर खूप वर्षांनी कोर्टात गेले. आणि शपथेच्या आधीच्या तीन महिन्यांत प्रोटेस्टंट चर्चमध्ये कम्युनियन, म्हणजे भाकर आणि द्राक्षारसाचा प्रसाद, घेतलेलं लागायचं. नॅचरलायझेशनच्या यादीत नावापुढे काउंटी (म्हणजे जिल्हा) आणि त्या कम्युनियनची तारीख असते, लोक तिच्याकडे बघतच नाहीत! त्या भागातल्या लुथरन आणि रिफॉर्म्ड चर्चची रजिस्टरं काढा, त्या तारखेची कम्युनियनची यादी टिकली असेल तर तुमचं चर्च तिथेच कळेल. शपथेऐवजी नुसतं प्रतिज्ञापूर्वक सांगितलं असेल तर घर क्वेकर किंवा मेनोनाइट अशा शपथ न घेणाऱ्या पंथाचं असू शकतं, आणि मेनोनाइटांत लहान बाळाचा बाप्तिस्मा नसतो, तो शोधत बसू नका.

प्रश्न: फिलाडेल्फियाच्या शपथेच्या याद्यांत एकाच नावाचे तीन योहान आहेत. आमचा कुठला?

योहान सोडा हो, घरातल्या सगळ्या पोरांना योहान लावायचे, हाक दुसऱ्या नावाने. १७२७ पासून जहाजाने आलेल्या सोळा वर्षांवरच्या पुरुषांकडून राजनिष्ठेची शपथ आणि सह्या घ्यायचे, त्या सह्यांचे फोटो छापलेले आहेत. मृत्युपत्रावरची सही शेजारी ठेवून बघा, एम कसा वळवलाय, शेवटचा फराटा कसा ओढलाय. नुसती खूण असेल तर नाव क्लार्कने कानाला ऐकू आलं तसं लिहिलंय, स्पेलिंगवर भरवसा नको.

प्रश्न: पणजीचं आडनाव 'म्युलरिन' लिहिलंय, ते कुठेच मिळत नाही.

म्युलरच आहे. बायकांच्या आडनावाला 'इन' लावायची पद्धत होती. मिलर म्हणूनही शोधा.

प्रश्न: जर्मनीतलं गाव कसं कळणार?

सगळ्यात जास्त हेच विचारलं जातं आणि माझं उत्तर दरवेळी एकच, बाप्तिस्म्याच्या नोंदीतले गॉडपेरंट्स, म्हणजे बाप्तिस्म्याला बाळासाठी उभे राहिलेले धर्ममातापिता, बघा. ओळीत बाळ, आईबाप, जन्मतारीख, बाप्तिस्म्याची तारीख आणि शेवटी ते दोघं, कधी पुढे 'लेडिग' म्हणजे अविवाहित असं लिहिलेलं. आपल्याकडे बारशाला आत्या लागते ना, तशी ही माणसं सहसा जवळचीच, भाऊ, मेव्हणी, नाहीतर गावाकडचे शेजारी. सगळ्या भावंडांचे गॉडपेरंट्स एका कागदावर उतरवा, त्यातल्या एकाचं जरी जर्मनीतल्या पालटिनेट किंवा व्युर्टेम्बर्ग प्रांतातलं गाव कळलं तरी त्या गावच्या चर्चच्या वहीत तुमचं नाव आधी शोधा. दफनाची नोंदही सोडू नका, काही पाद्री त्यात जन्मगाव लिहायचे, आणि मोरेव्हियन पंथाच्या लोकांची तर अख्खी जीवनकथा लिहून ठेवलेली असते, पेन्सिल्वेनियातल्या बेथलहेमच्या त्यांच्या आर्काइव्हजमध्ये (जुन्या कागदपत्रांच्या संग्रहात) विचारा. आणि हो, १७५२ च्या आधी वसाहतीत सरकारी वर्ष २५ मार्चला सुरू व्हायचं, तेव्हा फेब्रुवारीतली कोर्टाची तारीख असेल तर वर्ष दोनदा तपासा.