नाटकात घातलेले पैसे किती प्रयोगांत सुटतात?

प्रश्न : मी बँकेतून निवृत्त झालो असून दादरला राहतो. माझा भाचा दोन मित्रांसह व्यावसायिक नाटक काढत आहे आणि त्याने माझ्याकडे ५ लाख रुपये मागितले आहेत. ५० प्रयोगांत, म्हणजे साधारण सहा महिन्यांत, पैसे वसूल होतील असे तो म्हणतो. हा हिशेब धरून चालावा काय? – एक वाचक

उत्तर : हिशेब अशक्य कोटीतला नाही, मात्र तो सरासरी गल्ल्याच्या एका अंदाजावर उभा आहे आणि तो अंदाज भाच्याने आपल्याला सांगितलेला दिसत नाही. नेपथ्य, वेशभूषा, ध्वनिमुद्रण, तालमीच्या जागेचे भाडे हा खर्च एकदाच होतो. नाट्यगृहाचे भाडे, कलाकारांची आणि पडद्यामागच्या मंडळींची नाईट (म्हणजे दर प्रयोगाचे मानधन), लेखक-दिग्दर्शकांचे मानधन, सेटचा टेम्पो, वृत्तपत्रातली जाहिरात हा खर्च मात्र दर प्रयोगाला नव्याने उभा राहतो. मध्यंतरात व्यवस्थापक रंगपटात नाईटची पाकिटे वाटतो, तेव्हा बाहेर दोनशे प्रेक्षक बसले आहेत की हाउसफुल्लचा फलक लागला आहे, यावर त्या पाकिटांतली रक्कम ठरत नाही. उरले ते निर्मात्याचे आणि कमी पडले तर तेही त्यानेच भरायचे.

समजा, नाटक उभे करायला २५ लाख लागले, प्रयोगाचा खर्च १ लाख ३० हजार आहे आणि गल्ला सरासरी १ लाख ८० हजार येतो. प्रयोगामागे ५० हजार सुटले, तर ५० प्रयोगांत भांडवल मोकळे होते. हाच गल्ला ३० हजारांनी घसरला तर सुटतात केवळ २० हजार, आणि तेच भांडवल निघायला १२५ प्रयोग लागतात. तिकीट वाढवून ही तूट भरून काढू, असे कोणी म्हणेल. परंतु ५०० रुपयांपर्यंतच्या तिकिटाला वस्तू व सेवा कर माफ आहे, त्यापुढे तो लागतो.

आपल्याकडे गर्दी होते ती शनिवारी-रविवारी, आणि शिवाजी मंदिर, दीनानाथ किंवा गडकरी रंगायतनच्या त्या तारखांवर प्रत्येक निर्मात्याचा डोळा असतो. आठवड्याला दोन प्रयोग धरले, तर १२५ प्रयोगांना चौदा महिने लागतील, तेही परीक्षांचा काळ आणि कलाकारांची मालिकांची चित्रीकरणे आड आली नाहीत तर. न्यूयॉर्कच्या ब्रॉडवे या नाट्यगृहांच्या भागात आठवड्याला आठ प्रयोग होतात, म्हणून तेथील वेगाशी आपली तुलना करू नये. २०१५ मध्ये तेथे आलेल्या ‘हॅमिल्टन’ या संगीतिकेचे सुमारे सव्वा कोटी डॉलर वर्षाच्या आत सुटले, उलट स्पायडरमॅनवरच्या संगीतिकेचे हजाराहून अधिक प्रयोग होऊनही घातलेले साडेसात कोटी डॉलर निघाले नाहीत, कारण तिचा दर आठवड्याचा खर्चच अवाढव्य होता.

म्हणून भाच्याला प्रयोगांची संख्या विचारू नका. एका प्रयोगाचा खर्च कागदावर मागा आणि किती खुर्च्या भरल्या म्हणजे तो निघतो, ते विचारा. ठरावीक रकमेवर कंत्राटदाराला विकलेले प्रयोग किती मिळतील, हेही विचारा, कारण तेथे गल्ल्याची जोखीम निर्मात्यावर नसते. राज्य शासन नव्या नाटकांना अनुदान देते, पण ते परीक्षण समितीच्या पसंतीवर अवलंबून असल्याने हिशेबात धरू नये. नवे नाटक काढणाऱ्या तरुणांच्या पाठीशी घरच्यांनी उभे राहावे, असे आम्हाला मनापासून वाटते; मात्र शिल्लक रकमेतून आधी भांडवल फेडायचे की आधी नफा वाटायचा, आणि नाटक मध्येच बंद पडल्यास चित्रीकरणाचे हक्क कोणाकडे राहतील, हे पैसे देण्यापूर्वी करारात लिहून घ्यावे.