भात बंद करण्याआधी पोटरी मोजा

ताई, तुमची पोस्ट वाचली आणि हातातलं काम बाजूला ठेवलं. सासूबाई 71 वर्षांच्या, तपासणीत वजन जास्त निघालं म्हणून भात बंद, रोज 12 हजार पावलं, तीन महिन्यांत 4 किलो कमी. आणि आता मेट्रोच्या पायऱ्या चढताना कठडा धरावा लागतो. तुम्ही विचारलंय, अजून 3 किलो उतरवायला कोणता पारंपरिक कोरियन व्यायाम लावू. आधी ते वजन उतरवणंच थांबवा, असं मी कळकळीने सांगते. मी डॉक्टर नाही. कोरियातल्या तेजॉन शहरात 13 वर्षं संसार करणारी सून आहे, एवढंच. पण याच वाटेने आम्ही गेलोय.

बीएमआय (उंचीच्या मानाने वजन किती, तो आकडा), मीठ, साखर हे तुम्हाला ठाऊक असणार, त्यात शिरत नाही. एकच सांगते, कोरियात बीएमआय 23 पासून जादा वजन आणि 25 पासून लठ्ठपणा धरतात. आमच्या ऑमॉनिम, म्हणजे सासूबाई, 154 सेंटिमीटर उंच, वजन 64, म्हणजे बीएमआय 27. तेव्हा त्या 69 वर्षांच्या होत्या. चुंगजूजवळच्या खेड्यात एकट्या राहतात, मिरचीचा मळा स्वतः खुरपतात. सरकारी तपासणीचा कागद आला आणि मी कंबर कसली. फ्रिजवर वजनाचा तक्ता लावला. दर रविवारी फोनवर आकडा विचारायचे. आकडा उतरला की मी खूश, मी खूश म्हणून त्या खूश.

त्या जेवत काय होत्या, हे मात्र मी कधी विचारलं नाही. ही माझी चूक, आणि ती अजून सलते. एकट्या बाईने कोणासाठी रांधायचं? मूठभर भात पाण्यात कालवायचा, वर किमची (आंबवलेला तिखट कोबी), की झालं जेवण. मासे नाहीत, अंडं नाही, तोफू (सोयाबीनचं पनीर) आणला तर आणला. पाच महिन्यांत 64 चे 57 झाले.

वजनाच्या सल्ल्यासाठी आम्ही जिथे जायचो त्या ठिकाणाचं नाव घेत नाही. तिथल्या बाई दर वेळी इनबॉडीच्या, म्हणजे अंगातली चरबी आणि स्नायू मोजणाऱ्या यंत्रावर उभं करायच्या आणि छापील कागद हातात द्यायच्या. त्या कागदावर वजनाच्या खालीच स्नायूंची ओळ असते. एकदाही कोणी त्या ओळीवर बोट ठेवलं नाही. 57 ला टाळ्या वाजवून म्हणाल्या, "छान, आता फक्त अडीच किलो!" ऑमॉनिमनी सांगितलं की हल्ली गोचुजांगच्या (मिरचीच्या आंबवलेल्या लगद्याच्या) बरणीचं झाकण उघडत नाही. उत्तर मिळालं, वय झालं की असं होतंच. मलाही वाटलं, झाकणच घट्ट बसलं असेल. वर्षानुवर्षं तीच बरणी, तेच झाकण, तेच हात. माझ्या लक्षात यायला हवं होतं.

नोव्हेंबरात किमजांगच्या, म्हणजे हिवाळ्याची किमची घालण्याच्या वेळी, खारवलेल्या कोबीचं घमेलं उचलून अंगणाची पायरी उतरताना त्या पडल्या. मनगट मोडलं. हाडांच्या डॉक्टरांनी दुसऱ्या हाताची पकड मोजली, 14 किलो भरली. आशियातल्या निकषांप्रमाणे बाईची पकड 18 च्या खाली गेली की स्नायू झिजल्याची शंका घेतात. मग हाताची घडी घालून खुर्चीवरून पाच वेळा उठायला लावलं. 12 सेकंदांच्या आत व्हायला हवं, त्यांना 17 लागले. जुने कागद शेजारी ठेवून पाहिलं, तर गेलेल्या 7 किलोंपैकी जवळजवळ 3 किलो स्नायूच होते. कोरियात 2021 पासून या झिजेला आजार म्हणून स्वतंत्र कोड आहे, आणि तरीही आम्हाला टाळ्याच मिळत होत्या! लिहिताना आजही राग येतो.

आता व्यायामाचं. माझं मत पटेलच असं नाही. चालणं चांगलंच, पण नुसत्या सपाट रस्त्यावर चालून मांड्यांना पुरेसं काम मिळत नाही. कुक्सॉन्दोसारख्या श्वासाच्या साधनेने ऑमॉनिमना झोप छान लागायला लागली, पण तेवढ्यावर ताकद आली नाही. आम्हाला फळला तो तेक्क्यॉन. 2011 मध्ये युनेस्कोच्या वारसा यादीत गेलेली हीच ती युद्धकला. घाबरू नका, म्हाताऱ्या माणसांना लाथा मारायला लावत नाहीत. पुम्बाप्की म्हणून पायांची एक चाल असते. जमिनीवर त्रिकोण कल्पायचा, एकेका टोकावर पाय टाकायचा, गुडघा किंचित दुमडून भार त्यावर सोडायचा आणि लयीत परत वर यायचं. तोंडाने "इक्! एक्!" दहा मिनिटांत मांड्या भरून येतात. तोल सावरायची सवय लागते ती वेगळीच. पहिले दोन महिने ऑमॉनिम खुर्चीची पाठ धरून करायच्या. गुडघ्याचं ऑपरेशन झालं असेल किंवा चक्कर येत असेल तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय नको.

हल्ली सगळे लाल मातीच्या वाटेवर अनवाणी चालतात. मधुमेह असेल तर माझा ठाम नकार. तळपायाला लागलेलं कळतच नाही.

खाण्यात भात परत आणा, अर्धी वाटी, मिश्र धान्यांचा. मात्र प्रत्येक जेवणात तळहाताएवढा तोफू, मासा किंवा अंडी हवीतच. म्हातारपणी दर किलो वजनामागे दिवसाला 1 ते 1.2 ग्रॅम प्रथिनं लागतात. 57 किलोंना 57 ते 68 ग्रॅम झाली, आणि एका अंड्यात जेमतेम 6. मूत्रपिंडाचा त्रास असेल तर हे गणित लावू नका, आधी तपासणीच्या कागदावरचं क्रिएटिनिन डॉक्टरांना दाखवा. द्वेन्जांगच्या (आंबवलेल्या सोयाबीनच्या) रश्श्यातलं तोफू-भाजी खाऊ दे, रस्सा उरू दे, मीठ त्यातच असतं. आणि ग्यॉंगनोदांगमध्ये, म्हणजे ज्येष्ठांच्या विरंगुळा केंद्रात, मैत्रिणींबरोबर दिवसाला किती मिक्स कॉफी (साखर-दूध पावडर घातलेल्या पुडीची) होतात ते प्रेमाने विचारा. एका पुडीत साधारण 50 कॅलरी. आमच्याकडे चार निघाल्या. भाताआधी त्या कमी करायच्या होत्या.

ऑमॉनिम आता 59 किलो आहेत, म्हणजे 2 किलोंनी वाढल्या. पकड 19 वर आलीय. तक्ता मी फाडून टाकला.

तुम्ही शनिवारी जाणार आहात ना? मोजायची टेप न्या, पोटरीचा सगळ्यात जाड भाग मोजा. 33 सेंटिमीटरच्या खाली भरला तर स्नायू झिजल्याची शंका घेतात, तेव्हा थांबू नका, इनबॉडीचे जुने-नवे सगळे कागद घेऊन डॉक्टरांकडे जा आणि स्नायूंच्या ओळीवर स्वतः बोट ठेवून विचारा. हाडांच्या घनतेची तपासणी सरकारी योजनेत बायकांना 54 आणि 66 व्या वर्षी असते (2025 पासून 60 व्या वर्षीही), ती झाली होती का तेही विचारून घ्या. किती भरलं ते इथे लिहा, मी रात्री बघते.