फॉर्म भरू की देवाची वाट बघू? आणि अजून तीन प्रश्न

सगळ्यांना सलाम. मागच्या वेळी देवाची वाट बघण्यावर लिहिलं त्यावर बरेच प्रश्न आले, त्यातले चार घेते. नावं टाकत नाही.

प्रश्न: दोन वर्षं बँकेच्या परीक्षा देतोय, होत नाहीये. प्रार्थनेच्या ग्रुपमधले म्हणतात फॉर्म भरणं बंद कर, प्रभू दार उघडेल. आई म्हणते भर.

आईचं ऐक, गंमत नाही करत. येशूने स्वर्गात जाताना शिष्यांना सांगितलं की यरुशलेम सोडू नका, पित्याच्या वचनाची वाट बघा, आणि त्यानंतर पेन्टेकॉस्टपर्यंत, म्हणजे पवित्र आत्मा उतरला त्या दिवसापर्यंत, दहा दिवस गेले. तेवढ्यात ते काय करत होते ते बायबलमधल्या 'प्रेषितांची कृत्ये' पुस्तकाच्या पहिल्या अध्यायात आहे, माडीवर प्रार्थना तर चालूच होती, पण येशूला पकडून देणाऱ्या यहूदाची बारा जणांतली जागा रिकामी होती म्हणून दोन नावं काढली, चिठ्ठ्या टाकल्या, मत्थियाला घेतलं. म्हणजे हातातलं काम थांबलं नव्हतं. फी भरायची लास्ट डेट देव आठवण करून देणार नाही रे बाबा.

प्रश्न: मग प्रयत्न कुठला आणि घाई कुठली, ओळखायचं कसं?

बायबलमधला १ शमुवेल, अध्याय १३ काढा. शमुवेल संदेष्ट्याने शौल राजाला सात दिवस थांबायला सांगितलेलं, समोर शत्रू पलिष्टी, माणसं एकेक करून पळतायत, सातवा दिवस आला तरी शमुवेल येईना, मग शौलाने स्वतःच होमार्पण उरकलं आणि ते संपतंय तोच शमुवेल हजर! मला शौलाची दया येते, मी तरी वेगळं काय केलं असतं. पण लढाईची तयारी त्याचं काम होतं, अर्पण नव्हतं. जे आपलं नाही त्यात हात घालावासा वाटला की तिथे थांबायचं. अब्राहामाच्या बायकोचं, साराचंही तेच, देवाने कबूल केलेलं मूल होईना म्हणून कनानात दहा वर्षं काढल्यावर तिने दासी हागारकडून मूल मिळवायचा तोडगा काढला आणि भोगलं हागारने, तिचा बिचारीचा काय दोष.

प्रश्न: आठ वर्षं मिस्टरांसाठी प्रार्थना करतेय, चर्चला येत नाहीत. रोज विषय काढते आणि भांडण होतं.

ताई, आधी विषय काढणं थांबवा. कवी नारायण वामन टिळकांचा बाप्तिस्मा १८९५ ला झाला, त्यांच्या बायकोचा, लक्ष्मीबाईंचा १९०० ला. मधली पाच वर्षं सोपी नव्हती, बराच काळ दोघं वेगळे राहिले, परत एकत्र आले तरी लक्ष्मीबाईंचं सोवळं-ओवळं चालूच होतं, ते सुटलं ते त्यांचं त्यांना पटलं तेव्हा. आणि पुढे १९१९ ला टिळक गेले ते 'ख्रिस्तायन' हे येशूवरचं काव्य अर्धवट टाकून, ते पुरं कोणी केलं, तर याच बाईंनी. तुमच्याकडे असंच होईल असं मी म्हणत नाही हं. पण एक महिना त्यांच्यासोबत नुसता चहा घ्या, चर्चचं नाव काढू नका.

प्रश्न: लग्नाला अकरा वर्षं झाली, मूल नाही. सगळे म्हणतात धीर धर, बायबलमधल्या हन्नाकडे बघ, तिला प्रार्थनेने मूल झालं. मला देवाचा रागच येतो. पाप आहे का हे?

नाही. स्तोत्र १३ च्या सुरुवातीलाच दावीद देवाला चार वेळा विचारतो, कुठवर? लाजार गेल्यावर मार्थाने येशूला तोंडावर सुनावलं की तू इथे असतास तर माझा भाऊ मेला नसता. त्याने तिला गप्प केलं नाही. हिब्रूत आशेला तिकवा म्हणतात, आणि यरीहोतल्या राहाबने जीव वाचावा म्हणून खिडकीला बांधलेल्या किरमिजी दोरीसाठीही हाच शब्द आलाय. माझे आजोबा घायपाताची दोरी वळायचे तेव्हा दुसरं टोक मला धरायला लावायचे, पीळ बसत जाईल तसे हात कापायला लागायचे, मी रडायचे, त्यांना नाही नाही ते बोलायचे, टोक मात्र हातात असायचं आणि त्यांना तेवढंच हवं असायचं. तुमचा राग मला तसाच वाटतो.

डॉक्टरांकडे जाताय ते चालू ठेवा. आणि हन्नाचं नाव घेणाऱ्यांना सांगा की ती मंदिरात रडत होती तेव्हा एली याजकाला ती दारू प्यायल्यासारखी वाटली होती, तेही वाचा. भेटायला येणाऱ्यांना म्हणा, बसा पण बोलू नका. सगळं गमावलेल्या ईयोबाचे मित्रसुद्धा पहिले सात दिवस गप्प बसले होते तोवर बरे होते, मग त्यालाच दोष द्यायला लागले.