गच्ची दोघांची, सोलर एकट्याचं?

शिवाजी पेठेतल्या एका वाचकांचं पत्र आहे. वडिलोपार्जित दुमजली घर. वर ते, खाली दिवंगत थोरल्या भावाच्या पत्नी. गच्ची ६०० चौरस फूट. ५ किलोवॅट सोलर बसवायचंय, खर्च ३ लाख. एजंट म्हणतो, बिल शून्य, शिवाय उरलेली वीज विकून महिन्याला चार हजार मिळतील. एफडी मोडू, की एजंटमार्फत १२ टक्क्यांनी कर्ज घेऊ? शेवटी जाता जाता लिहिलंय, "वहिनींचं लाईट बिल किरकोळ, त्यांना सोलर कशाला?"

विचारलंत ते आधी उरकतो. तुमचा वापर महिन्याला २४० युनिट. १ किलोवॅट सरासरी १२० युनिट देतं, म्हणजे २ किलोवॅट पुरे. आपल्याकडच्या पावसाळ्यात कमी पडलं तर उन्हाळ्यात महावितरणकडे जमा झालेली युनिटांची शिल्लक कामी येते. आर्थिक वर्षाअखेर उरलेल्या युनिटांना महावितरण फार कमी दर देतं, तेव्हा चार हजारांची आशा सोडा. केंद्राच्या पीएम सूर्यघर या घरगुती सोलर योजनेचं अनुदान २ किलोवॅटला ६०,००० आणि ३ किलोवॅटपासून पुढे कितीही बसवा, ७८,०००च. २ किलोवॅटचा खर्च साधारण १.३ लाख, खिशातून ७०,०००. महिन्याला दोन हजार वाचले तर तीन वर्षांत वसूल. एफडीतून भरा; १२ टक्क्यांचं कर्ज नकोच.

आता वहिनींचं. १ किलोवॅटला सुमारे १०० चौरस फूट जागा लागते. ५ किलोवॅट म्हणजे जवळजवळ सगळी गच्ची, तीही पंचवीस वर्षं. ती गच्ची त्यांचीही आहे! त्यांचं बिल किरकोळ आहे, कारण त्या ८० युनिटांत भागवतात. काटकसरीनं राहणाऱ्या बाईचा हक्क त्यामुळे कमी होत नाही. उलट ज्यांच्याकडे एफडी आहे त्यांचं बिल शून्य आणि ज्यांच्याकडे नाही त्या भरत राहणार, हे मला अजिबात पटत नाही.

त्यांचा मीटर वेगळा आहे असं तुम्हीच लिहिलंय. मग त्यांच्या नावानं १ किलोवॅटचा अर्ज करा. ३०,००० अनुदान वजा जाता ३५-४० हजार लागतील. दुर्बल घटकांतल्या, महिना १०० युनिटांच्या आतल्या ग्राहकांना राज्याचं जादा अनुदानही आहे. त्या बसतात का, महावितरणच्या कार्यालयात विचारा. ५ किलोवॅटऐवजी २ घेऊन तुमचे दीड लाख वाचतायत, त्यातून त्यांचे पैसे घाला. महिन्याला वाचतील त्यातून त्या फेडतील. दोन्ही मिळून ३०० चौरस फूट. वाळवणाला, पाण्याच्या टाकीला जागा उरते.

मात्र त्याआधी एक काम. प्रॉपर्टी कार्डावर भावाच्या जागी वहिनींचं नाव अजून लागलेलं नाही, तुमचा मीटरही वडिलांच्याच नावावर. अर्जदाराच्या नावावर वीजजोडणी लागते. दोन्ही नावं आधी लावून घ्या, वहिनींची लेखी संमती घ्या, आणि तोवर एजंटला एक रुपयाही ॲडव्हान्स देऊ नका.