प्रादेशिक फुटबॉल संघटना स्थानिक लीग आणि क्लब यांचा कारभार नेमका कसा चालवते?

तुम्ही विचारलंय की आसपासचे दहा-बारा क्लब एका संघटनेखाली येऊन नियमित लीग खेळू पाहताहेत, तर संघटना हे सगळं कसं सांभाळते आणि गाडी कुठे अडते.

सामना प्रत्यक्षात यजमान क्लबच भरवतो. मैदान, चुनखडीच्या रेषा, जाळी, चेंडू, कपडे बदलायची खोली ही सगळी त्याची जबाबदारी. संघटनेचं काम असतं मैदानावर लागलेला निकाल पुढे टिकवणं. नोंदणी, वेळापत्रक, पंच आणि शिस्त ही चारही खाती त्यासाठीच असतात. लीग या प्रकाराचा जन्मही यातूनच झाला. इंग्लंडमध्ये १८८८ साली १२ क्लबांनी पहिली लीग सुरू केली, कारण ठरलेले सामने ऐनवेळी रद्द होत आणि क्लबांना कशाचाच भरवसा नसे. गुण कसे द्यायचे हे मात्र त्यांनी हंगाम सुरू झाल्यावर, नोव्हेंबरमध्ये ठरवलं. ते त्यांना पचलं, आज कोणालाच पचणार नाही.

रचना उतरंडीसारखी असते. सर्वात वर फिफा ही फुटबॉलची जागतिक संघटना, मग तिचे २११ सदस्य म्हणजे राष्ट्रीय महासंघ, प्रत्येक महासंघाला संलग्न प्रादेशिक संघटना आणि तिला संलग्न क्लब. ही साखळी तुटली तर तुमच्या लीगचे विजेते वरच्या स्पर्धेत जाऊ शकत नाहीत, आणि तुमच्या शिस्तपालन समितीने घातलेली बंदी शेजारची संघटना मानत नाही. त्यामुळे नवी लीग काढणाऱ्यांनी आधी संलग्नतेचं पाहावं, करंडक नंतर घ्यावा.

संलग्नतेसाठी क्लबकडून सहसा या गोष्टी मागतात: लेखी घटना, निवडलेली कार्यकारिणी, क्लबच्या नावाचं बँक खातं, मैदान मिळणार असल्याचं मालकाचं पत्र, दोन वेगळ्या रंगांचे पोशाख, प्रवेश शुल्क आणि अनामत. अनामतीचं महत्त्व नव्या क्लबांना उशिरा कळतं. हंगामाच्या मध्यात संघ काढून घेतला किंवा दंड थकवला, तर ती रक्कम या अनामतीतून वळती होते. शिवाय संघटनेशी बोलणारा माणूस एकच हवा, तो म्हणजे सचिव. प्रशिक्षक, कर्णधार आणि अध्यक्ष असे तिघेही पत्रं पाठवू लागले की तारीख बदलल्याचं एकाला कळतं, दुसऱ्याला कळत नाही, आणि संघ मैदानावर पोचतच नाही.

आता नोंदणी. सर्वात जास्त तक्रारी इथून येतात. खेळाडूचा अर्ज, ओळखपत्र, जन्मतारखेचा पुरावा, फोटो, अल्पवयीन असेल तर पालकांची सही आणि आधी दुसरीकडे खेळत असेल तर बदलीची मंजुरी, एवढं जमल्यावर नोंदणी मंजूर होते. अर्ज दिला त्या दिवशी खेळाडू पात्र होत नाही, नोंदणी मंजूर झाल्यावर होतो. शुक्रवारी अर्ज दिला आणि शनिवारी खेळवला, ही नेहमीची चूक. फिफाच्या नियमानुसार खेळाडू एका हंगामात जास्तीत जास्त तीन क्लबांकडे नोंद होऊ शकतो, पण अधिकृत सामने त्यातल्या दोनच क्लबांकडून खेळू शकतो. आधी परदेशात नोंद असलेल्या १० वर्षांच्या किंवा त्यापुढच्या खेळाडूला आंतरराष्ट्रीय बदली प्रमाणपत्र लागतं. हौशी खेळाडूलाही त्यातून सूट नाही. बंदी खेळाडूच्या मागोमाग जाते, क्लब बदलला म्हणून ती संपत नाही. त्यामुळे नवा खेळाडू घेताना त्याच्या नावावर काही बाकी आहे का, हे संघटनेकडून लेखी विचारून घ्या. अपात्र खेळाडू उतरवला तर शिक्षा बहुतेक ठिकाणी ठरलेली आहे: सामना ३-० ने गेला, आणि प्रत्यक्ष हार त्याहून मोठी असेल तर तोच निकाल कायम.

वेळापत्रक हे खरं डोक्याचं काम. १० संघांच्या दुहेरी साखळीत, म्हणजे प्रत्येक संघ प्रत्येकाशी दोनदा खेळतो तेव्हा, ९० सामने आणि १८ फेऱ्या होतात, १२ संघांच्या साखळीत १३२ सामने आणि २२ फेऱ्या. संघ विषम असतील तर प्रत्येक फेरीत एकाला विश्रांती मिळते, म्हणून ११ संघांनाही २२ फेऱ्याच लागतात. जोड्या लावायची जुनी रीत सोपी आहे. आठ संघ दोन ओळींत मांडा, वर १, २, ३, ४ आणि त्यांच्या खाली ८, ७, ६, ५. समोरासमोरचे खेळतील. पुढच्या फेरीसाठी १ जागेवर ठेवायचा आणि बाकीचे एकेक घर फिरवायचे, की १-७, ८-६, २-५, ३-४ अशा जोड्या मिळतात. सात फेऱ्यांत सगळे सगळ्यांशी खेळून होतात.

अडचण घरच्या आणि बाहेरच्या सामन्यांची. प्रत्येक क्लबला एक सामना घरी, पुढचा बाहेर असा क्रम हवा असतो, पण सगळ्यांना तो देता येत नाही. ज्या दोन संघांचा क्रम अगदी सारखा असेल ते एकमेकांशी खेळूच शकणार नाहीत, कारण दोघेही एकाच दिवशी घरी असतील. बिनतुटीचे क्रम दोनच असू शकतात, घरापासून सुरू होणारा आणि बाहेरून सुरू होणारा. म्हणून १० संघांच्या एकेरी साखळीत निदान ८ संघांना लागोपाठ दोन सामने घरी किंवा बाहेर खेळावेच लागतात. हे क्लबांच्या सभेत आधीच समजावून सांगावं, नाहीतर प्रत्येकाला वाटतं की आपल्यावरच अन्याय झाला. एकच मैदान वापरणारे दोन क्लब असतील तर त्यांना उलटे क्रम द्यायचे: एक घरी तेव्हा दुसरा बाहेर.

२२ फेऱ्यांसाठी २२ आठवडे धरणं ही हमखास चूक. पाऊस, परीक्षा, निवड चाचण्या, चषक स्पर्धा यांसाठी निदान सहा-सात आठवडे मोकळे ठेवावेत. पुढे ढकललेल्या सामन्याची नवी तारीख दोन क्लबांच्या आपसातल्या बोलण्यावर सोडू नये. तसं सोडलं की ते सामने हंगामाच्या शेवटी साचतात आणि ज्याला काही मिळवायचं उरलेलं नाही तो संघ दुबळे खेळाडू उतरवतो. शेवटच्या फेरीचे सगळे सामने एकाच वेळी सुरू करावेत. १९८२ च्या विश्वचषकात पश्चिम जर्मनी आणि ऑस्ट्रिया यांना त्यांच्याच गटातल्या अल्जीरियाचा निकाल आधीच माहीत होता, १-० हा निकाल दोघांना पुढे नेणारा होता, आणि तेवढा झाल्यावर खेळ जवळजवळ थांबला. शेवटचे गटसामने एकाच वेळी खेळवण्याची पद्धत त्यानंतर आली.

पंचांची बेरीज आधी करा आणि मगच डिव्हिजन, म्हणजे लीगमधल्या एकाखालच्या एक पातळ्या, वाढवा. १२ संघांच्या एका डिव्हिजनमध्ये फेरीला सहा सामने, म्हणजे एक पंच आणि दोन साहाय्यक धरून १८ जण. चार डिव्हिजन एकाच दिवशी खेळल्या तर ७२. एवढे पंच नसतील तर खालच्या डिव्हिजनमध्ये साहाय्यकाचा झेंडा क्लबच्या माणसाला द्यावा लागतो. त्याच्याकडून फक्त चेंडू रेषेबाहेर गेला की नाही एवढंच घ्यावं, ऑफसाइड पंचाने स्वतः पाहावा. पंचांची नेमणूक करणारा माणूस कोणत्याही क्लबचा पदाधिकारी नसावा. याबाबतीत तडजोड करू नका, एकदा शंका आली की ती वर्षभर जात नाही.

सामन्याच्या दिवशी पंच आधी मैदान पाहतो. गोलपोस्ट ७.३२ बाय २.४४ मीटर आहे ना हे बघण्यापेक्षा तो जमिनीत पक्का रोवलेला आहे ना हे आधी बघायचं. हलवता येणारे गोल उलटून मुलं दगावल्याच्या घटना घडल्या आहेत. मग दोन्ही संघांच्या याद्या ओळखपत्रांशी ताडून पाहायच्या. राखीव खेळाडूंची नावं सामना सुरू होण्याआधी दिलेली हवीत, नंतर आलेल्या खेळाडूचं नाव यादीत नसेल तर तो उतरू शकत नाही. सातपेक्षा कमी खेळाडू असलेल्या संघाचा सामना सुरू होत नाही आणि चालूही राहत नाही. सामन्यानंतर पंचाचा अहवाल ठरलेल्या मुदतीत संघटनेकडे जातो. लाल कार्ड मिळालेला खेळाडू पुढच्या सामन्यातून आपोआप बाहेर असतो, त्यासाठी पत्राची वाट पाहायची नसते. पत्र आलं नाही म्हणून त्याला खेळवणारे क्लब गुण गमावतात.

निकालावरच्या तक्रारींचं बरंच ओझं नियम नीट वाचला तर कमी होतं. गोल झाला की नाही, फाऊल होता की नाही, यावर पंचाचा निर्णय अंतिम असतो, त्यावर तक्रार चालत नाही. तक्रार चालते ती खेळाडू अपात्र असेल तर किंवा नियमच चुकीचा लावला असेल तर, तीही मुदतीत आणि शुल्कासह. अर्धवट थांबलेला सामना मूळ नियमानुसार पुन्हा खेळवायचा असतो, पण स्पर्धेचे नियम वेगळं काही ठरवू शकतात. तुमच्या नियमावलीत हे लिहिलेलं हवं, नाहीतर ७५व्या मिनिटाला वादळ आलं की ३-० ने पुढे असलेला क्लब एक म्हणेल आणि दुसरा वेगळंच. पहिला निर्णय आणि अपील या समित्या वेगळ्या ठेवा, आणि ज्याच्या क्लबचं प्रकरण आहे त्या सदस्याने खोलीबाहेर बसावं.

गुण समान झाले तर काय, तेही आधी लिहून ठेवा. दोन संघांचे ४० गुण, एकाचा गोलफरक १८, दुसऱ्याचा १५, पण दुसऱ्याने पहिल्याला हरवलेलं. विजेता कोण, हे नियमावलीतली एक ओळ ठरवते. तसंच मध्येच माघार घेतलेल्या संघाचं. रूढ पद्धत अशी की त्याचे निम्म्याहून कमी सामने झाले असतील तर सगळे निकाल पुसायचे, निम्मे किंवा जास्त झाले असतील तर उरलेले प्रतिस्पर्ध्यांना ३-० ने द्यायचे.

सर्वात जास्त गैरसमज बढती आणि घसरण यांत होतो. समजा प्रदेशाच्या पहिल्या डिव्हिजनमध्ये १२ संघ आहेत. एक वर जातो, वरून एक खाली येतो, दुसऱ्या डिव्हिजनमधून दोन वर येतात आणि पहिलीतले शेवटचे दोन खाली जातात. एखाद्या वर्षी वरून तुमच्या प्रदेशातले दोन संघ खाली आले, तर १२ वजा १ अधिक २ अधिक २ म्हणजे १५ होतात, आणि १२ वर यायला तिघांना खाली जावं लागतं. दहाव्या क्रमांकाचा क्लब आपण वाचलो समजून बसलेला असतो, त्याची घसरण भलत्याच लीगच्या निकालावर ठरते. मग दुसऱ्या डिव्हिजनमधूनही दोनऐवजी तीन खाली, आणि हा धक्का तळापर्यंत जातो. म्हणून गुणतक्त्यात दहाव्या जागेसमोर ‘घसरण संभाव्य’ अशी खूण हंगामाच्या पहिल्या दिवसापासून असावी.

पैशाचं थोडक्यात: क्लबांची वर्गणी, नोंदणी शुल्क, प्रायोजक आणि वरून येणारं अनुदान हे उत्पन्नाचे स्रोत, तर पंचांचं मानधन आणि विमा हे मोठे खर्च. दंडावर अंदाजपत्रक उभारू नका, दंड कमी होत जाणं हेच चांगलं लक्षण.

तुमच्या दहा-बारा क्लबांसाठी माझा सल्ला: पहिल्या वर्षी एकच डिव्हिजन आणि एकेरी साखळी ठेवा. १२ संघ असतील तर ६६ सामने होतात, ते ११ फेऱ्यांत बसतात आणि पंचही पुरतात. नियमावली पहिल्या सामन्याच्या निदान दोन महिने आधी सगळ्या सचिवांच्या सहीनिशी मंजूर करून घ्या, आणि हंगाम संपेपर्यंत तिच्यात एक अक्षरही बदलू नका.